कळलेल्या कार्डांची रद्दी

सर,

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला चौथीतही नीट कळलं नव्हतं, आणि चौथीनंतर सांगायला कुणी नव्हतं. तुम्ही असता तर लाल पेनाने गोल करत बसला असता. एकदा तुमच्या घरी काकूंनी सांगितलं म्हणून मी वाण्याची यादी लिहिली होती, तीही तुम्ही तपासून परत दिलीत. पोहे, साबुदाणा, फुटाण्याची डाळ, आणि त्यावर सात लाल गोल. वाण्याने ती बघून विचारलं होतं, "ह्या गोल केलेल्या वस्तू जास्त पायजेत काय?"

आता तो लाल पेन तुमच्या टेबलावर टोपण लावून पडला आहे. म्हणून तर लिहायला बसले.

कागद तुमचाच आहे. तुमच्या कोशाची टाकलेली कार्डं आहेत ही, पोस्टकार्डाएवढी, जाड. पुढच्या बाजूला तुमचं अक्षर आणि त्यावर तिरकी रेघ. मागची बाजू कोरी. ही माझ्याकडे कशी आली ते तुम्हाला माहीत नाही. सांगते पुढे. हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, माझ्या रूपालाही नाही.

परवा वाचनालयात तुमच्यासाठी सभा झाली. मी मागे पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन उभी होते. एक जण म्हणाले, सर निरहंकारी होते. दुसरे म्हणाले, सरांनी अवघड तत्त्वज्ञान सामान्य माणसाच्या हातात दिलं. तेव्हा तीन-चार जणांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कारण तो सामान्य माणूस मी. आल्या-गेल्याला तुम्ही तसंच सांगायचा, "ही आमची सुमन. ही माझी सामान्य माणूस." जसं काही बाजारातून किलोभर आणली होती.

मला रडू आलं नाही. येईल असं वाटलं होतं, म्हणून पदर हाताशी धरला होता. तो कोरडाच राहिला. मला तुमचा राग आहे, सर. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण तुम्ही होता तेव्हा तो धरायची सोय नव्हती. तुमचे पैसे द्यायचे होते. चाळीस हजार घेतले होते, त्यातले अजून तीन हजार राहिले आहेत. ते दिल्याशिवाय मी तुमच्यापासून सुटत नाही, तुम्ही गेलात तरी. म्हणून हे आत्ता सगळं एकदा लिहून काढते.

मी तुमच्याकडे भांडी आणि केर-फरशीला लागले तेव्हा रूपा सहावीत होती. उचगावहून सकाळची बस धरून यायचे. तुम्ही कॉलेजातून रिटायर झाला होता आणि कोश लिहीत होता, तत्त्वज्ञानातल्या आणि धर्मातल्या अवघड शब्दांचा. एका शब्दाला एक कार्ड. टेबलावर कार्डं, खिडकीत कार्डं, पलंगाखाली कार्डं. काकू म्हणायच्या, "ह्यांना जेवायला ताट नको, कार्ड द्या."

मग एक दिवस तुम्ही हाक मारलीत.

"सुमन, फडकं ठेव. इकडे ये."

मला वाटलं, टेबलावर धूळ राहिली.

"मी वाचतो, तू ऐकायचं. कळलं तर कळलं म्हण, नाही तर नाही म्हण. लाजायचं नाही."

लाजायचं नाही असं सांगून लाज जात नसते. एवढी पुस्तकं वाचून तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. टेबलावर चपलांचे दोन रिकामे खोके होते. एकावर लिहिलं होतं 'कळले', दुसऱ्यावर 'नाही कळले'.

पहिलं कार्ड अभावाचं. अभाव म्हणजे नसणं. तुम्ही वाचलंत की नसणं चार प्रकारचं असतं. पहिलं, मडकं घडायच्या आधी मडकं नसतं ते. त्या नसण्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे. त्याला प्रागभाव म्हणायचं.

मी म्हटलं, "म्हंजे रूपा व्हायच्या आधी रूपा न्हवती, तसं?"

"तसंच. किती वर्षं नव्हती?"

"कवापास्नं न्हवती ते कोण सांगणार, सर? पर ती झाली आन् ते नसणं सपलं."

तुम्ही टेबलावर हात आपटलात. मी घाबरले, पण तुम्ही हसत होता. "पुढं ऐक. मडकं फुटलं. आता जे नसणं सुरू झालं, त्याला सुरुवात आहे पण शेवट नाही. प्रध्वंसाभाव. याचं उदाहरण दे."

त्याच आठवड्यात माझ्या हातून काकूंची लोणच्याची बरणी फुटली होती. माहेरून आणलेली, चिनी मातीची. माझ्या तोंडून निघून गेलं, "काकूंची बरणी. फुटली त्या दिवसापास्नं न्हाई, आन् आता कवाच न्हाई."

तुम्ही इतके हसलात की काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "काय झालं? तिच्या पगारातनं कापू नका हो बरणीचे."

"अगं, तुझ्या बरणीनं माझा प्रध्वंसाभाव सोडवला!"

तिसरं नसणं म्हणजे जे कधी नव्हतं आणि कधी असणारही नाही. वाऱ्याला रंग नसतो तसं. मी म्हटलं, "आमच्या सासूच्या तोंडात गोड शब्द." त्यावर काकूही हसल्या. चौथं मात्र जमलं नाही. मडकं म्हणजे कापड नव्हे, कापड म्हणजे मडकं नव्हे, असं काहीतरी होतं. मी म्हटलं, "हे काय सांगायचं? बारक्या पोराला बी ठावं हाय." तुम्ही म्हणालात, "उदाहरण दे." मला सुचलं नाही.

कार्ड 'कळले' खोक्यात पडलं.

त्या दिवशी घरी जाऊन मी रूपाच्या बाबांना सांगितलं, "आज म्या सरांना शिकिवलं." ते उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहेत, अंगावरची काळी धूळ धूत होते. म्हणाले, "मग पगार वाढला काय?"

पगार वाढला नाही. पण मला आवडायला लागलं होतं, हे खोटं कशाला बोलू? फरशी पुसताना मी तुमच्या हाकेची वाट बघायचे. समवायाचं कार्ड आलं, दोन गोष्टी एकीशिवाय दुसरी राहूच शकत नाही अशा जोडलेल्या असतात ते. मी म्हटलं, गोधडीतले टाके काढले तर गोधडी राहत नाही, चिंध्या राहतात. निर्गुणाचं कार्ड आलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "पाण्याला चव कसली असते?" मी म्हटलं, "तान लागल्यावर सांगते." तुम्ही ते वहीत लिहून घेतलंत. मला वाटायचं, 'कळले' खोका म्हणजे छापायचा खोका. त्यात कार्ड पडलं की एखादी पोळी तव्यावर टम्म फुगावी तसं मला व्हायचं.

मग एका सकाळी काकूंनी न्हाणीघरात दोन गठ्ठे आणून ठेवले. "सुमन, ही रद्दी घे गं बंब पेटवायला. ह्यांनी टाकलीत." बंबात घालायला पहिलं कार्ड उचललं आणि त्यावर 'गोधडी' दिसलं. दुसऱ्यावर बरणी. प्रत्येकावर तिरकी रेघ, आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीने 'सुमनला कळले'. मी दोन्ही गठ्ठे चाळून बघितले. दोन्ही गठ्ठे 'कळले' खोक्यातले होते.

मला वाटलं, काकूंनी खोका चुकवला. सांगायला तुमच्या खोलीकडे आले तर आत प्रेसवाले आप्पा बसले होते. तुमचा कोश छापणारे. काकूंनी चहाचा ट्रे माझ्या हातात दिला, म्हणून मी दाराशी थांबले आणि ऐकलं.

तुम्ही म्हणत होता, "ही बाई म्हणजे माझी चाळण आहे, आप्पा. तिच्यातून जे खाली पडलं ते फार सोपं झालं असं समजायचं. ते टाकायचं आणि परत घट्ट लिहायचं. वर राहतं ते कोशात जातं."

आप्पा म्हणाले, "मग वाचणाऱ्याला कळायचं कसं, सर?"

"ज्याला कळून घ्यायचंय त्यानं कष्ट घ्यावेत की."

मी उभी राहिले ते चहावर साय धरेपर्यंत. मग तोच चहा नेऊन दिला. तुम्ही म्हणालात, गार आहे. मी कधीच काही बोलत नव्हते, तुमच्या कार्डांव्यतिरिक्त. पण आता सांगते. मी दहा वर्षांची असल्यापासून पीठ चाळते आहे. चाळणीतून खाली पडतं ते पीठ असतं, सर. वर राहतो त्याला आम्ही कोंडा म्हणतो आणि म्हशीला घालतो. जन्मभर तुम्ही चाळलेल्या पिठाच्या पोळ्या खाल्ल्यात आणि एवढं तुम्हाला माहीत नव्हतं.

बंब मी करवंट्यांनी पेटवला. कार्डं पिशवीत घालून घरी नेली. त्यानंतर जेवढे गठ्ठे बंबाकडे आले तेवढे सगळे ट्रंकेत गेले. म्हणजे बघा, तुमच्या कोशातलं मला जे जे कळलं ते सगळं माझ्याकडे आहे, आणि छापलेल्या कोशात त्यातलं काही नाही.

आता पैशाचं लिहिते.

रूपाला नर्सिंगला नंबर लागला. फी भरायला दोन दिवस राहिले होते आणि आमच्याकडे चाळीस हजार कमी पडत होते. मी काकूंना सांगितलं, काकूंनी तुम्हाला. तुम्ही शर्ट घातलात, बँकेत गेलात आणि अर्ध्या तासात पाकीट आणून माझ्या हातात दिलंत. व्याज नाही, कागद नाही, एक प्रश्नसुद्धा नाही. हे खरं आहे. त्या अर्ध्या तासापुरते तुम्ही मला फार मोठे वाटलात, आणि तेवढं मी खोडणार नाही. रूपा आज अंगात पांढरा कोट घालून ड्युटीला जाते, तेव्हा कधी कधी मला ते पाकीट आठवतं.

पण पाकीट हातात असतानाच मी म्हटलं, "सर, म्हयन्याला थोडं थोडं करून फेडते."

तुम्ही हसलात. "फेडतेस? तू याला कर्ज समजलीस? हे ऋण आहे, सुमन. कर्ज फिटतं. ऋण फिटत नाही, ते मानायचं असतं."

मला वाटलं, काय मोठं मन आहे. पण वाटेत बस हिंडलग्याला येईपर्यंत मी दुसराच हिशेब करायला लागले. जे फिटतच नाही ते डोक्यावर घेऊन किती वर्षं चालायचं? रूपाच्या बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "घेटलं ते द्यायचं. ह्यात काय येवढा इच्यार कराय लागलीस?" त्यांनी चौथीही केलेली नाही.

तुम्ही घेणार नव्हता, म्हणून मी काकूंकडे देत गेले. कधी पाचशे, कधी हजार. काकू बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या आणि कॅलेंडरच्या मागे लिहायच्या. तुम्हाला ते कळलं तेव्हा तुम्ही नुसते हसलात. पण त्यानंतर रविवारीही बोलावणं यायला लागलं. पाहुणे आहेत, ये. पुस्तकं उन्हात घालायची आहेत, ये. त्याचे पैसे मागायचं मनात आलं की तुम्ही चष्म्यावरून बघायचा, आणि मी पुस्तकं उचलून उन्हाकडे निघायचे. ऋण फिटत नाही म्हणजे काय ते मला तेव्हा कळायला लागलं. ऋणाचं हे नवं कार्ड तुम्ही मला वाचून दाखवलं असतंत तर मी लगेच कळलं म्हटलं असतं.

कोशाचा पहिला भाग निघाला. तुम्ही म्हणालात, "प्रकाशनाला रूपाला घेऊन ये. तुझ्याबद्दलही आहे त्यात." मी दिवाळीची साडी नेसले. तिसऱ्या रांगेत बसलो आम्ही दोघी. रूपा कानात म्हणाली, "आई, तुझी गोधडी आली असंल बघ पुस्तकात." मीही तेच मनात धरून बसले होते. ट्रंकेतली कार्डं मला माहीत होती, तरी वाटत होतं की तुम्ही एखादं तरी परत उचललं असेल.

तुम्ही 'ऋण' काढलंत आणि वाचलंत. ते वाक्य मला पाठ आहे. 'लेखकाच्या घरी काम करणारी एक अल्पशिक्षित स्त्री मुलीच्या शिक्षणासाठी मिळालेली रक्कम हप्त्याहप्त्याने परत करते आणि आपण ऋणातून सुटत आहोत असे समजते. या भाबड्या समजुतीलाच अविद्या म्हणतात.'

सभागृह हसलं. वाईट हसले असते तर बरं झालं असतं. मायेनं हसले.

"ती आज इथं आली आहे," तुम्ही म्हणालात. "सुमन, उभी राहा."

मी उभी राहिले. टाळ्या वाजल्या. रूपाने माझा पदर ओढला. "आई, बस खाली. बस की गं." पण पाय वाकेनात. सगळे बसलेले आणि मी एकटी उभी, अविद्या म्हणून.

बसमध्ये रूपा खिडकीकडे तोंड करून बसली. फाट्यावर उतरल्यावर म्हणाली, "किती ऱ्हायलेत त्यांचे?"

"बावीस."

"मी भरते. मला ट्रेनिंगचे मिळतात की थोडे."

"न्हाई. ते माझं हाय."

"मग काम तरी सोड."

"सोडलं तर म्हणतील, पैसे बुडवून गेली. आन् ते बी पुस्तकात छापतील."

रूपा हसली नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर आले, आणि त्या दिवसापासून तुमच्याशी खोटं बोलायला लागले. तुमच्या दुसऱ्या भागाचं काम सुरू झालं होतं. तुम्ही कार्ड वाचायचा आणि मी म्हणायचे, "न्हाई कळलं." तुम्ही परत वाचायचा. "न्हाई, सर." तुमचा चेहरा खुलायचा. "व्वा! आता व्याख्या घट्ट उतरताहेत." आणि कार्ड जसंच्या तसं छापायच्या खोक्यात पडायचं.

सर, मला सगळं कळलं होतं. एक कार्डसुद्धा असं नव्हतं की जे कळलं नाही. करुणेच्या कार्डावर तुम्ही लिहिलं होतं की दुसऱ्याचा घास अडकलेला दिसला की आपल्या हातातलं पाणी आपोआप पुढे जातं, ती करुणा. ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी केरसुणी उचलायच्या निमित्तानं वाकले आणि म्हटलं, "न्हाई कळलं." त्यामुळे ते वाचलं. पहिल्या भागात असतं तर बंबाकडे गेलं असतं.

परवा सभेत प्रेसवाले आप्पा बोलले. दुसरा भाग त्यांनी छापायला जुळवून ठेवला आहे. म्हणाले, सरांची लेखणी या भागात इतकी सोपी, इतकी प्रेमळ झाली आहे की वाचताना सर समोर बसून बोलताहेत असं वाटतं. लोकांनी माना डोलावल्या. मी ट्रे घट्ट धरून उभी होते. तुमचं जे चांगलं मागे राहिलं आहे ते माझ्या खोटेपणामुळे राहिलं आहे. मी ते तुमच्यासाठी केलं नव्हतं. तुम्हाला फसवायला केलं होतं. ते तुम्हाला सांगायचं राहिलं, आणि सांगायचं धाडस मला झालं नसतं हेही तितकंच खरं.

शेवटचे दोन महिने तुम्ही पलंगावर होता. पेज मी भरवायचे, कारण काकूंचा हात थरथरायचा. तेव्हाही तुमचा वाद संपला नव्हता. एक दिवस चमचा बाजूला सारून तुम्ही म्हणालात, "पैसे देशील गं तू. जिद्दीची आहेस. पण मी तुला शब्द दिले, त्यांचं काय? ते कुठल्या डब्यात टाकशील?" आणि हसलात. हसता हसता ठसका लागला. मी तुमची हनुवटी पुसली.

उत्तर मला नेहमीप्रमाणे हिंडलग्याला सुचलं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं तर तुम्ही झोपेत होता. मग राहिलंच. आता ऐका.

शब्द तुम्ही दिलेत, हे कबूल. गेल्या वर्षी माझी सासू गेली. तिच्याशी माझं कधी पटलं नाही, पण तिची चुलीपुढची जागा रिकामी असली तरी मी सवयीनं तिथं पाट मांडायचे. तेव्हा मनात आलं की हे दुसऱ्या प्रकारचं नसणं आहे. आता सुरू झालं, ते संपायचं नाही, आपण वाट बघायची नाही. तेवढ्यानं जरा धीर आला. तो धीर मला तुमच्याशिवाय मिळाला नसता. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

पण ते शब्द तुम्ही तरी कुठून आणले होते? तुमच्याही आधी कुणी तुम्हाला वाचून दाखवले असतील. त्यांच्यासाठी तुम्हाला कधी कुणी भर सभेत उभं केलं? तुम्ही कुणाकडे रविवारी पुस्तकं उन्हात घालायला गेलात? आणि मी तुम्हाला बरणी दिली, गोधडी दिली, पाण्याची तहान दिली. ते तुम्ही कुठल्या डब्यात टाकलंत ते मला माहीत आहे. मी तो डबा घरी आणून ठेवला आहे.

आणि चौथ्या नसण्याचं उदाहरण मला आता सुचलं आहे. मी म्हणजे तुम्ही नव्हे, आणि तुम्ही म्हणजे मी नव्हे. मी काय समजते हे तुम्ही माझ्या आत बसल्यासारखं लिहिलंत. एकदा विचारायचं तरी होतं. मी दहा पावलांवर भांडी घासत होते.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी नेहमीच्या बसनं आले. दारात चपलांचा ढीग बघून कळलं. माझ्या पिशवीत त्या महिन्याचे हजार रुपये होते. काकूंभोवती बायका बसल्या होत्या. द्यायचे कुणाकडे? मी केरसुणी घेतली आणि मागचं अंगण झाडलं, आणि हजार रुपये तसेच घरी परत आणले.

हे शेवटचं कार्ड. आज संध्याकाळी लिहिते आहे, चहा चुलीवर ठेवून.

भिशी या महिन्यात माझ्या नावावर निघाली, म्हणून राहिलेले तीन हजार एकदम घेऊन आज सकाळी काकूंकडे गेले. तुमची खुर्ची कुणीतरी भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. काकू ओट्यापाशी एकट्याच बसल्या होत्या. मी पैसे पुढे केले.

"राहू दे की गं आता," काकू म्हणाल्या. "ते गेले, त्यांच्याबरोबर तेही गेलं असं समज."

"तसं जात न्हाई, काकू."

"त्यांना आवडायचं नाही गं मी घेतलेलं. ऋण फिटत नसतं म्हणायचे. कोशात छापून ठेवलंय त्यांनी. आता त्यांच्या माघारी त्यांचा शब्द मी कशी मोडू?"

मला वाटलंच होतं. म्हणून मी ट्रंकेतलं एक कार्ड सोबत नेलं होतं. तेच हे. तेव्हा याची मागची बाजू कोरी होती. मी ते काकूंच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा शोधला, पुसला, आणि मोठ्याने वाचलं.

"'ऋण. जे घेतले म्हणून परत द्यायचे असते ते. दिले की माणूस मोकळा होतो.'"

काकूंनी कार्ड उजेडाकडे धरलं. "अक्षर त्यांचंच. कधीचं गं हे?"

"रूपाचे पैसे घ्यायच्या आधीचं."

"मग त्यावर रेघ का मारली?"

"मला कळलं म्हणून."

काकूंनी त्या लाल पेन्सिलीच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी कार्ड मला परत दिलं आणि तोच हात पैशासाठी पुढे केला. अंगठ्याला पाणी लावून नोटा दोनदा मोजल्या. उठून तुमच्या फोटोकडे निघाल्या, तिथं हार आणि निरांजन होतं.

"फोटोसमोर नगं, काकू," मी म्हटलं. "डब्यात ठेवा."

त्या थांबल्या. मग फळीवरून बिस्किटाचा डबा काढला, नोटा आत घातल्या, कॅलेंडरच्या मागे शेवटचे तीन हजार लिहिले आणि खाली रेघ ओढली.

"माझ्या बरणीसारखं झालं की गं हे," त्या म्हणाल्या, आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाल्या, "आता कवाच न्हाई."

इतकी वर्षं त्या स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या, सर. त्यांनी डब्याचं झाकण तळहाताने दाबून लावलं. चाळीस हजार पुरे झाले.